पिकअपचं पुढचं चाक-बेअरिंग लवकर का जातं, आणि पुन्हा जाऊ नये म्हणून काय करायचं

नवं बेअरिंग टाकलं आणि चार महिन्यांत पुन्हा घरघर सुरू झाली, तर दोष बहुधा बेअरिंगचा नसतो. चांगल्या कंपनीचं, नीट बसवलेलं टेपर (निमुळत्या) रोलर बेअरिंग लाखभर किलोमीटर सहज काढतं. ते दहा-पंधरा हजारांतच बसलं, याचा अर्थ नट चुकीचा आवळला गेलाय, आत पाणी किंवा माती शिरलीय, ब्रेक धरून राहतोय, नाहीतर ज्या हबमध्ये (चाकाचा फिरणारा मधला भाग) नि स्टबवर (हब ज्यावर फिरतो तो दांडा) ते बसवलं तेच झिजलंय. हे कारण तसंच ठेवून तिसरं बेअरिंग टाकलं तर तेही त्याच वाटेने जाणार.

इथे मुख्यतः मागच्या चाकांवर चालणाऱ्या पिकअपचा विचार केलाय. यातल्या बऱ्याच गाड्यांच्या पुढच्या हबमध्ये दोन टेपर बेअरिंगं असतात: आतल्या बाजूला मोठं, बाहेरच्या बाजूला लहान. प्रत्येकाचे दोन भाग. हबमध्ये ठोकून बसतो तो कप, आणि रोलर-पिंजऱ्यासकट स्टब अॅक्सलवर सरकतो तो कोन. आतल्या तोंडाला ऑइल सील, बाहेर वॉशर, खाचांचा नट, स्प्लिट पिन आणि वर पत्र्याची टोपी. या रचनेत बेअरिंगचं आयुष्य कंपनी ठरवत नाही, नट लावणारा हात ठरवतो.

आवाज नक्की बेअरिंगचाच आहे का

बेअरिंगचा आवाज गाडीच्या वेगाबरोबर वाढतो, इंजिनच्या वेगाशी त्याचा संबंध नसतो. चाळीस-पन्नासच्या वेगात गाडी न्यूट्रलला टाका. गुंगाट तसाच राहिला तर चाकाकडे बघा. मोकळ्या, सरळ रस्त्यावर स्टिअरिंग हळूच डावीकडे वळवलं की भार उजव्या चाकावर जातो. तेव्हा आवाज वाढला तर संशय उजव्या बेअरिंगवर, उजवीकडे वळवल्यावर वाढला तर डाव्यावर.

यात फसवणारी गोष्ट म्हणजे टायर. उंच-सखल झिजलेला टायर अगदी बेअरिंगसारखा गुंगतो. टायरवरून तळहात फिरवून बघा, आणि शंका राहिली तर पुढचे टायर मागे टाकून एक फेरी मारा. आवाज मागे गेला तर बेअरिंगचा खर्च वाचला.

मग गाडी वर घ्या. मागच्या चाकांना ठोकळे, हँडब्रेक ओढलेला, चॅसिसखाली स्टँड. नुसत्या जॅकवर चाक हलवायला बसू नका. चाक वर-खाली, म्हणजे घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी धरून हलवा. डुगडुगलं तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर प्ले (सैलपणा) नाहीसा झाला तर तो बेअरिंगचा. तसाच राहिला तर बॉल जॉइंट किंवा किंगपिन बघा. नऊ आणि तीनच्या जागी धरल्यावरच हललं तर टायरोडचं टोक तपासा. शेवटी एका हाताने चाक फिरवा आणि दुसरा हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर किंवा नकलवर (स्टब ज्याचा भाग असतो तो सांधा) टेका. खराब रोलरची खरखर कानाला ऐकू येण्याआधी बोटांना कळते.

सैल बेअरिंगची आणखी एक खूण आहे. डिस्क ब्रेकच्या गाडीत खड्ड्यांतून गेल्यावर पहिला ब्रेक खोल जातो आणि दुसऱ्यांदा दाबल्यावर वर येतो. हब डुगडुगल्याने डिस्क पॅडला मागे ढकलते. अनेकदा यावर मास्टर सिलिंडर बदलला जातो आणि बेअरिंग तसंच राहतं.

जुनं बेअरिंग फेकू नका, ते वाचा

उघडल्यावर आधी ग्रीस बघा, धुवायची घाई करू नका. दुधाळ, कॉफीसारखं ग्रीस म्हणजे पाणी शिरलंय. काळं, करपलेलं, कडक म्हणजे उष्णता. बोटांत चोळल्यावर चमचम दिसली तर पोलाद सुटायला लागलंय. कचकच लागली तर माती.

मग रॉकेलमध्ये धुऊन, उजेडात धरून कप आणि रोलर बघा.

कपच्या पृष्ठभागाचे टवके उडालेत आणि ते पूर्ण गोलाईत आहेत, तर नट जास्त आवळलेला असू शकतो. टवके फक्त एका बाजूला आहेत, तर कप तिरका बसलाय किंवा खाली कचरा अडकलाय. रोलरची जाड टोकं घासून चकाकली आहेत, कोनची कड जळल्यासारखी झालीय, तर घट्टपणा किंवा अपुरं ग्रीस. निळसर-तपकिरी रंग चढलाय म्हणजे पोलाद इतकं तापलं की त्याचा कडकपणा गेला. असा भाग पुन्हा वापरायचा नाही. रोलरांच्या अंतराने कपवर आडव्या गंजाच्या रेघा असतील तर आत पाणी असताना गाडी उभी राहिली. त्याच अंतराने पण चकचकीत खळगे असतील तर हातोड्याचा किंवा खड्ड्याचा जबर मार. पिंजरा वाकलाय, तर तो बसवतानाच वाकवला गेला.

एक खूण फार कमी जणांना ओळखता येते: कपवर धुण्याच्या फळीसारख्या बारीक, समान अंतराच्या रेघा किंवा वितळल्यासारखे टिपके. हे वेल्डिंगच्या करंटचं काम. पिकअपच्या बॉडीला, फाळक्याला, कॅरिअरला सतत वेल्डिंग होत असतं, आणि अर्थचा चिमटा चाकाच्या नटाला किंवा ड्रमला लावला तर करंट बेअरिंगमधून जातो. रोलर आणि कपच्या मध्ये ठिणग्या पडतात. चिमटा नेहमी जिथे वेल्डिंग चाललंय त्याच तुकड्याला, अगदी जवळ लावायचा. बॅटरीची वायर आधी काढायची, हेही त्याच वेळी सांगून टाका.

नट: सगळ्यात जास्त बेअरिंगं इथेच जातात

गॅरेजमध्ये दोन सवयी दिसतात. एक म्हणजे चाक अजिबात हलू नये म्हणून नट पाइप लावून आवळणं. दुसरी, चाक मोकळं फिरावं म्हणून भरपूर सैल सोडणं. दोन्हींनी बेअरिंग जातं, घट्टने जास्त लवकर.

घट्ट नटात रोलरचं जाड टोक कोनच्या कडेवर दाबून घासतं. त्याने उष्णता, उष्णतेने ग्रीस पातळ, आणि तापलेलं पोलाद फुगून फट आणखी कमी. हे चक्र एकदा सुरू झालं की घाटातल्या एका उतारात बेअरिंग निळं पडू शकतं. सैल नटात सगळा भार थोड्याच रोलरांवर येतो, हब तिरका हलतो, सीलची ओठी स्टबवरून उचलली जाते आणि पावसाचं पाणी आत जातं.

अशा हबला साधारण ०.०२ ते ०.१२ मिलिमीटर प्ले लागतो. काही मॉडेलांत प्लेऐवजी हलका प्रीलोड (फट न ठेवता थोडा दाब) मागितलेला असतो आणि तो चाकाच्या स्टडला स्प्रिंग काटा अडकवून, हब फिरायला किती जोर लागतो ते बघून मोजतात. तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये आकडा असेल तर तोच धरा. इथला आकडा त्याहून वरचढ नाही.

आवळण्याचा क्रम असा. हब एका हाताने सतत फिरवत ठेवायचा आणि नट ३० न्यूटन-मीटरच्या आसपास आवळायचा. फिरवायचं एवढ्यासाठी की रोलर तिरके असतील ते कपमध्ये सरळ होऊन बसावेत आणि जास्तीचं ग्रीस बाजूला व्हावं. न फिरवता आवळलं तर नट घट्ट लागतो आणि पहिल्या पाच किलोमीटरमध्ये रोलर जागेवर बसून तोच नट सैल होतो. मग नट पाव ते अर्धा फेरा सोडायचा, हब थोडा फिरवायचा, आणि आता पान्याने नाही, फक्त बोटांनी नट लागेल तेवढा लावायचा.

आता पिनचं भोक. ते जुळत नसेल तर नट नेहमी सैल बाजूला न्यायचा, घट्ट बाजूला कधीच नाही. पण किती सैल, हे डोळे उघडे ठेवून बघा. नटाला सहा खाचा आणि स्टबला एकच आरपार भोक असेल तर एक खाच म्हणजे ६० अंश. आट्यांचं अंतर दीड मिलिमीटर असेल तर ६० अंशांत नट पाव मिलिमीटर मागे येतो. म्हणजे एकाच खाचेत तुम्ही ०.१२ च्या दुप्पट पुढे जाऊ शकता! स्टबला काटकोनात दोन भोकं असतील तर पायरी ३० अंशांची, म्हणजे ०.१२५ मिलिमीटर. म्हणून खाच जुळवून झाल्यावर डायल गेज (बारीक हालचाल काट्यावर दाखवणारं मापक) लावा: चुंबकाचा पाया हबवर, काट्याचं टोक स्टबच्या तोंडावर. हब न फिरवता सरळ पुढे-मागे ओढा-ढकला आणि काटा वाचा. प्ले जास्त आला तर वॉशर किंवा नट बदलून बघा, खाचांची जागा बदलते. नटावर वेगळी खाचांची टोपी बसणारी गाडी असेल तर काम सोपं. टोपी एक-एक खाच फिरवून जुळवता येते.

डायल गेज नसेल तर एक जुनी, भरवशाची परीक्षा आहे. नटामागचा जिभेचा वॉशर पेचकसाच्या टोकाने, तरफ न लावता, नुसत्या बोटांच्या दाबाने सरकला पाहिजे. अजिबात सरकला नाही तर घट्ट. वॉशर सरकतोय आणि चाक बारा-सहाला धरल्यावर डुगडुग जाणवेल-न जाणवेल इतकीच आहे, तर जमलं.

स्प्लिट पिन दर वेळी नवी. खिळा, वायरचा तुकडा किंवा जुनी सरळ केलेली पिन अजिबात चालणार नाही. ती तुटली तर नट उतरतो आणि हबसकट चाक निघतं.

बदलण्याचं काम, पायरीपायरीने

लागणारं साहित्य: प्रत्येक बाजूला आतलं आणि बाहेरचं बेअरिंग कप-कोनसकट, ऑइल सील, स्प्लिट पिन, टोपी चेपलेली असेल तर ती, अर्धा किलो ग्रीस दोन्ही बाजूंना पुरून उरतं. शिवाय रॉकेल, सुती फडकी, पितळी सळई, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) आणि टॉर्क रेंच (ठरावीक जोराने आवळायचा पाना).

कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) उतरवून तारेने टांगा, ब्रेकच्या होजवर लोंबकळू देऊ नका. टोपी, पिन, नट, वॉशर, बाहेरचा कोन या क्रमाने काढा आणि हब सरळ ओढून घ्या. सील उचकटून आतला कोन काढा. कप हबमध्ये आतून दिलेल्या खाचांतून पितळी सळईने, समोरासमोरच्या बाजूंना आळीपाळीने ठोकून बाहेर पडतो. एकाच बाजूने ठोकला की तिरका अडकतो आणि हबचं बसण्याचं छिद्र खरवडतो. एका वेळी दोन्ही हब उघडले तर भाग वेगवेगळ्या डब्यांत ठेवा. तपासून परत वापरायचे भाग असतील तर कोन आणि कप यांची जोडी मोडू नका, आणि जुन्या कपमध्ये नवा कोन कधीच टाकू नका. काटकसरीची ही सर्वात महाग पद्धत आहे.

बेअरिंग धुतल्यावर कॉम्प्रेसरच्या हवेने ते गरागरा फिरवू नका. ग्रीसविना फिरलेले रोलर ओरखडतात आणि पिंजरा फुटून तुकडे अंगावर येऊ शकतात. रॉकेल पूर्ण सुकू द्या, नाहीतर तेच नव्या ग्रीसला पातळ करतं.

आता स्टब. नव्या कोनाने त्यावर हाताने सरकावं, पण डुलू नये. कोनच्या जागी पायरी पडली असेल, निळा रंग चढला असेल, आटे मेले असतील तर नकल बदलायचा. स्टबवर वेल्डिंगने भर देऊन लेथवर कापून घेण्याचा सल्ला मिळेल. तो ऐकू नका. वेल्डिंगच्या उष्णतेने पोलादाची ताकद बदलते, आणि हा भाग रस्त्यात मोडला तर चाक जातं, गाडी पलटी होते. सील जिथे फिरतं तिथे नख फिरवून बघा. नख अडकेल अशी खाच असेल तर नवं सीलही गळणार. तसंच हबमध्ये कप हाताने फिरत असेल, तर हब बदला. छिद्रात पंच मारून कप घट्ट करण्याची युक्ती काही हजार किलोमीटर टिकते, तोवर कप तिरका चालतो आणि बेअरिंग खातो.

नवा कप बसवण्याआधी तासभर फ्रीजरमध्ये ठेवा आणि हब उन्हात तापू द्या. काम निम्मं हलकं होतं. कपचं रुंद तोंड बाहेर, अरुंद आत. जुना कप बाहेरून थोडा घासून त्याचाच दट्ट्या करता येतो. ठोकताना कान द्या: कप जात असताना आवाज पोकळ येतो आणि तळाला टेकला की एकदम भरीव, टणक होतो. तरी खात्रीसाठी कप आणि हबच्या खांद्यामध्ये ०.०५ मिलिमीटरची फीलर पात घालून बघा. कुठूनही आत जाता कामा नये. कप थोडा जरी वर राहिला असेल तर तो पुढे रस्त्यावर सरकून बसतो आणि तुम्ही मोजून लावलेला प्ले दुप्पट-तिप्पट होतो. “फिटिंग तर नीट केलं होतं, मग सैल कसं झालं?” याचं उत्तर बहुतेक वेळा इथे सापडतं.

ग्रीस भरणं हे हाताचं काम आहे, आणि हात साबणाने धुऊन, कोरडे करून करायचं. डाव्या तळहातावर लिंबाएवढा गोळा घ्या. कोनची रुंद बाजू त्या गोळ्याच्या कडेवर दाबत, ओढत राहा, जोवर दुसऱ्या बाजूने रोलरांच्या मधून ग्रीसच्या बारीक शेवया निघत नाहीत. मग कोन थोडा फिरवून पुढच्या रोलरांना तेच. पूर्ण फेरा झाल्यावर बाहेरून एक पातळ थर. वरवर फासलेलं ग्रीस पिंजऱ्याच्या आत जातच नाही आणि रोलर पहिले काही किलोमीटर कोरडे फिरतात.

हबच्या पोकळीत एक तृतीयांश ते निम्मं ग्रीस पुरे. ठासून भरलं तर ते घुसळलं जाऊन तापतं, फुगतं आणि सील बाहेर ढकलतं. टोपीतही नुसता थर द्या.

ग्रीस लिथियम कॉम्प्लेक्सचं, चाक-बेअरिंगसाठी असं डब्यावर लिहिलेलं घ्या. साधं एपी-३ लिथियम ग्रीस बऱ्याच गाड्यांत चालतं, पण घाटात आणि डिस्क ब्रेकच्या उष्णतेत कॉम्प्लेक्स जास्त तग धरतं: साधं लिथियम १९० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं, कॉम्प्लेक्स २६० च्या आसपास. कमानपाट्यांना मारायचं स्वस्त कॅल्शियम ग्रीस शंभर अंशांच्या आतच पाण्यासारखं होतं. ते इथे नकोच. वेगवेगळ्या जातींचं ग्रीस एकमेकांत मिसळू नका. काही जोड्या एकत्र आल्या की पातळ होऊन गळून जातात. जुनं पूर्ण धुऊनच नवं भरा.

आतला कोन ठेवून सील बसवा, स्प्रिंगची बाजू बेअरिंगकडे. सीलच्या ओठीला ग्रीस लावा. हब स्टबवर चढवताना आट्यांवर सील घासू देऊ नका. याच क्षणी ओठी फाटते आणि ते कोणाला दिसत नाही. मग बाहेरचा कोन, वॉशर, नट, आणि वर सांगितलेला क्रम. डिस्कला ग्रीसचा हात लागला असेल तर ब्रेक क्लीनरने पुसा.

हबच्या बाहेरची कारणं

ब्रेक धरून राहत असेल तर कितीही चांगलं बेअरिंग टिकणार नाही. पंधरा-वीस किलोमीटर शक्यतो ब्रेक न लावता चालवून दोन्ही हबजवळ हात नेऊन बघा. एक कोमट आणि दुसरा हात ठेवता येणार नाही इतका गरम असेल, तर बेअरिंगबरोबरच कॅलिपरच्या सरकत्या पिना आणि पिस्टनही तपासा.

रुंद टायर बसवायला चाकाखाली स्पेसर टाकला किंवा बाहेर आलेली रिम लावली की भाराची रेघ दोन बेअरिंगांच्या मधून निघून बाहेरच्या लहान बेअरिंगकडे सरकते. ते त्यासाठी बनवलेलं नाही. सतत बाहेरचंच बेअरिंग जात असेल तर आधी रिम बघा.

ओव्हरलोडचा हिशोब स्पष्ट आहे. रोलर बेअरिंगचं आयुष्य भाराच्या सुमारे ३.३३ व्या घाताने घटतं. बेअरिंगवरचा भार २५ टक्क्यांनी वाढला की आयुष्य निम्म्याहून कमी, दीडपट झाला की जवळजवळ चौथाई, दुप्पट झाला की दहावा हिस्सा. पिकअपमध्ये जादा माल मुख्यतः मागच्या एक्सलवर येतो हे खरं, पण कांद्याच्या गोण्या केबिनला टेकवून थप्पी मारली, वर कॅरिअरवरही लादलं, आणि मग घाट उतरताना ब्रेक दाबला, की तोच भार पुढे येतो.

पाण्याचं तसंच. नदीपात्रात उभी करून गाडी धुणं, धावून आल्या आल्या गरम हबवर प्रेशरचं पाणी मारणं, मासळी वाहणाऱ्या गाडीवरचं खारं पाणी: तापलेला हब पाण्यात बुडला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. हबपर्यंत पाण्यात गाडी गेली असेल तर बाहेरची टोपी काढून ग्रीसचा रंग बघा. दुधाळ दिसला तर पुढच्या सर्व्हिसची वाट न बघता हब उघडा.

बेअरिंग विकत घेताना

जुन्या कपवर आणि कोनवर कोरलेला नंबर उतरवून न्या. मेट्रिक नंबरात शेवटचे दोन आकडे पाचाने गुणले की आतला व्यास मिळतो: ३०२०६ म्हणजे ३० मिलिमीटर, ३२२०७ म्हणजे ३५. इंची बेअरिंगांत कोन आणि कपचे नंबर वेगळे असतात, जसं एलएम ११९४९ हा कोन आणि एलएम ११९१० हा त्याचा कप. दोन्ही तपासून घ्या. डुप्लिकेट मालाची खोकी हुबेहूब असतात. पुसट किंवा बोटाने पुसला जाणारा नंबर, खोका आणि बेअरिंगवर वेगवेगळा मजकूर, नेहमीच्या निम्म्या किमतीला मिळणारा सौदा, यांपैकी काही दिसलं तर कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडे जा. पाकीट बसवण्याच्या क्षणीच फोडा.

काही फोर-बाय-फोर आणि नव्या पिकअपमध्ये बंद युनिट बेअरिंग असतं. त्यात ग्रीस भरायचं नसतं, नट सैल-घट्ट करून प्ले ठरवायचा नसतो. अॅक्सल नट मॅन्युअलच्या टॉर्कनेच, टॉर्क रेंचने आवळायचा, आणि तो आवळण्याआधी गाडी चाकांवर उतरवायची किंवा ढकलायची नाही. नट सैल असताना भार आला की आतल्या कडा उघडतात आणि नवं युनिट तिथेच खराब होतं. दाबून बसणारं असेल तर बाहेरच्या कड्यावरच दाब द्या. एबीएसची (ब्रेक लावल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) चुंबकी पट्टी असलेली बाजू सेन्सरकडे ठेवा आणि त्या बाजूला चुंबकी अवजार लावू नका.

काम झाल्यावर

चाकाचे नट आडव्या-उभ्या क्रमाने, टॉर्कने आवळा. गाडी हलवण्याआधी दोन-तीनदा ब्रेक दाबून पॅड जागेवर आणा. पंधरा-वीस किलोमीटर चालवून दोन्ही हबचं तापमान बघा. कोमट असावं, दोन्हीकडे सारखं. पाचशे ते हजार किलोमीटरनंतर चाक वर घेऊन प्ले पुन्हा मोजा, लागला तर नट जुळवून नवी पिन घाला. त्यानंतर दर २०,००० किलोमीटरला, आणि ऊस किंवा वाळूच्या कच्च्या रस्त्यावर चालणारी गाडी असेल तर त्याआधीच, हब उघडून, धुऊन, नव्या सीलसह ग्रीस भरून घ्या.